गाळाचे वाचन : लोणारपासून समुद्रतळापर्यंत
(प्रस्तावना)

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. लोणारहून सरळ रेषेत अरबी समुद्र गाठायचा तर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतर पडते. तरीही किनारे, पाणथळ जागा आणि समुद्रतळ यांवरच्या संशोधनाची मराठी वाचकाला ओळख करून देणारे हे पुस्तक बुलढाण्यापासूनच सुरू व्हावे, असे मला मनापासून वाटले. या प्रस्तावनेत त्याची कारणे मांडतो.

पहिले कारण पाण्याच्या वाटांचे. या जिल्ह्यात गाव कोणते हे सांगण्याआधी माणूस 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' हे सांगितले जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे असे दोन भाग केले आणि पाण्याचीही वाटणी केली. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा या बाजूला पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांनी पूर्णेत जातो. पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या बाजूचे पाणी पैनगंगेत किंवा खडकपूर्णेत उतरते आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरात पोचते. पाण्याबरोबर माती जाते. एकाच जिल्ह्याच्या शेतांतली माती अशी दोन वेगळ्या समुद्रांच्या तळाशी जाऊन बसते.

दुसरे कारण असे की याच जिल्ह्यात एक जागा अशी आहे, जिथले पाणी कोणत्याच समुद्राला जात नाही. ते लोणारच्या विवरात उतरते आणि तिथेच राहते. बाहेर पडायला त्याला वाटच नाही. ते फक्त वाफ होऊन उडू शकते. त्यामुळे पाण्याबरोबर आलेली माती, पाने, परागकण, राख, क्षार हे सगळे तळाशी थरावर थर साचत गेले. समुद्रतळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ज्यासाठी जहाजे घेऊन महिनोन्महिने फिरतात, तो पुरावा इथे विवराच्या कड्यांच्या आत, जेमतेम सव्वा किलोमीटर रुंदीच्या सरोवराखाली आहे.

या पुस्तकाचा विषय तीन जागांचा दिसतो: किनारा, पाणथळ आणि सागरतळ. मुळात तो एकच आहे. पाणी जिथे थांबते किंवा संथ होते तिथे ते हातातले ओझे खाली ठेवते. खाडीच्या मुखाशी, खारफुटीच्या मुळांत, तळ्याच्या पोटात, खोल समुद्राच्या मैदानावर, सगळीकडे हेच घडते. विहीर खणणाऱ्या माणसाला काळी माती कुठे संपली, मुरूम कुठे लागला आणि कठीण पाषाण कुठे सुरू झाला हे जसे थरावरून कळते, तसाच गाळाचा अभ्यासक खाली जाता जाता काळ ओलांडत असतो. फरक इतकाच की त्याला प्रत्येक थराचे वय सिद्ध करावे लागते, आणि थर हललेला नाही हेही सिद्ध करावे लागते.

लोणारच्या बाबतीत आधी प्रश्न विवराच्या जन्माचाच होता. तळ्याची कीर्ती जुनी आहे. लवणासुराचा वध आणि दैत्यसूदनाचे देऊळ ही कथा गावाला पाठ आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त इथल्या क्षाराची नोंद काच आणि साबण बनवण्याचे साहित्य म्हणून केली. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने हे विवर असाधारण असल्याचे लिहिले. त्यानंतर जवळजवळ दीड शतक बहुतेक भूवैज्ञानिक याला ज्वालामुखीचे किंवा भूगर्भातल्या वाफेच्या स्फोटाचे काम मानत राहिले. तसे मानणे सयुक्तिकही होते. सगळा परिसर दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. लाव्हाच्या प्रदेशात गोल खड्डा दिसला तर ज्वालामुखीची शंका येणारच. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये अॅरिझोनातल्या विवराची चर्चा करताना लोणारचे साम्य नोंदवले होते. पण त्यांचाही कल वाफेच्या स्फोटाकडेच होता. १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश आणि ख्रिस्ती यांनी लोणारचा भूगोल आणि पाण्याचे रसायन यांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. क्षारांचे रासायनिक मोजमाप त्यात आहे. जन्माचा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला.

यानंतरचा टप्पा या पुस्तकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १९६४ मध्ये 'लोणार हे उल्काविवर असावे काय?' असा प्रश्न विचारणारा शोधनिबंध दोघांनी लिहिला, आणि ते दोघेही समुद्राचे अभ्यासक होते. यूजीन लाफाँड हे समुद्रवैज्ञानिक. १९५० च्या दशकात त्यांनी वाल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकवले होते. रॉबर्ट डिट्झ हे सागरी भूवैज्ञानिक. १९६१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात सागरतळ पसरत असल्याची कल्पना मांडून तिला नाव देणारे ते हेच. त्याच वर्षी त्यांनी जाक पिकार यांच्यासह 'त्रिएस्त' या पाणबुडीच्या खोल सागरातल्या उतरणीवर पुस्तकही लिहिले. महासागराच्या सर्वांत खोल जागेचा विचार करणारा माणूस आणि लोणारच्या कड्याचा विचार करणारा माणूस एकच असावा, हा मी योगायोग मानत नाही. पाण्याने झाकलेला तळ पाहायचा कसा, दिसत नसलेल्या रचनेचे अनुमान काढायचे कसे, ही सवय दोन्ही ठिकाणी तीच लागते.

अनुमानाला पुरावा लागतो, आणि पुरावा तळाखाली होता. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठाचे व्ही. के. नायक यांनी लोणारच्या परिसरातल्या काचमय कणांकडे लक्ष वेधले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सरोवराच्या तळातून छिद्रे पाडली. गाळाचा सुमारे शंभर मीटरचा थर ओलांडल्यावर खाली फुटलेल्या बेसॉल्टचा चुरा लागला, आणि त्या चुऱ्यात मॅस्केलिनाइट सापडले. बेसॉल्टमधले फेल्स्पार हे खनिज प्रचंड आघाताच्या दाबाखाली न वितळता काचेसारखे होते तेव्हा मॅस्केलिनाइट तयार होते. ज्वालामुखीच्या स्फोटात तेवढा दाब निर्माण होत नाही. १९७३ मध्ये स्मिथसोनियन संस्थेचे कुर्ट फ्रेडरिकसन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे आणि बालसुंदरम, आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डॅनियल मिल्टन यांनी 'सायन्स' नियतकालिकात हे प्रसिद्ध केले. त्या वर्षांत अपोलो मोहिमांनी आणलेले चंद्रावरचे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांत तपासले जात होते. चंद्राच्या काळसर सपाट भागांतली विवरेही बेसॉल्टमध्येच आहेत. त्यामुळे चंद्र समजून घेण्यासाठी पृथ्वीवर तुलनेला बेसॉल्टमधले सुस्थितीतले विवर हवे होते, आणि ते लोणारला मिळाले. विवराची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासूनची खोली सुमारे १५० मीटर आहे, हे आकडे तेव्हापासून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

जन्म कसा झाला हे ठरले. कधी झाला याबद्दलचे आकडे मात्र एकमेकांपासून फार दूर आहेत. आधीच्या मोजमापांनी, १९९७ च्या ऊष्मादीप्ती पद्धतीनेसुद्धा, सुमारे पन्नास हजार वर्षे हे वय दिले. २०११ मध्ये आघातात वितळलेल्या खडकावर आर्गॉन-आर्गॉन पद्धत वापरून फ्रेड जुर्दान आणि सहकाऱ्यांनी सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे हे वय काढले. दोन्हींत दहापटीहून अधिक फरक आहे. सामान्य वाचकाला हा तज्ज्ञांचा आपसातला वाद वाटेल. पण तळातल्या गाळासाठी त्याचा अर्थ फार मोठा आहे. पन्नास हजार वर्षे असतील तर त्या शंभर मीटरांत एका हिमयुगाचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचा काळ आहे. पावणेसहा लाख असतील तर पृथ्वी अनेकदा गारठली आणि अनेकदा उबदार झाली, त्या सगळ्या फेऱ्यांत दख्खनच्या पठारावर पाऊस कसा पडत होता याची साक्ष तिथे असू शकते.

आता पाणी इतके खारे का, हे पाहू. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी बेसॉल्टमधून झिरपताना सोडियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असे घटक विरघळवून आणते. गावाकडच्या बाजूची धार बारमाही वाहते; तिचे पाणी गोड आहे, पण तेही थोडे थोडे क्षार आणतेच. विवरातून पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. पाणी घट्ट होत गेले की कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने आधी तळाशी बसतो आणि वर सोडियमचे क्षार उरतात. म्हणून लोणारचे पाणी नुसते खारट नसून सोड्याचे आहे. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो, लोणारचा १० च्या आसपास. पीएचच्या मापात दोन अंकांचा फरक म्हणजे शंभरपट. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर पांढरी खपली धरायची. जुन्या काळी तिचा व्यापार चाले, आणि प्रतीनुसार दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी क्षारांची नावे रूढ होती. ख्रिस्तींनी प्रयोगशाळेत जे वेगळे केले, ते क्षार उचलणाऱ्या हातांनी आधीच वेगळे केले होते.

काठावर कमळजा देवीच्या मंदिराजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका अंगाचे पाणी गोड, दुसऱ्या अंगाचे खारे, अशी तिची ख्याती. भाविक याला चमत्कार मानतात; भूजलाच्या अभ्यासकाला ती प्रयोगशाळा वाटते. खडकाच्या सांध्यांतून उतरणारे गोडे पाणी आणि तळ्याच्या बाजूने शिरणारे खारे पाणी इथे समोरासमोर येतात. खारे पाणी जड, गोडे हलके. त्यांची सरमिसळ वाटते तितकी सहज होत नाही. नेमकी हीच गोष्ट कोकणच्या किनाऱ्यावर फार मोठ्या प्रमाणावर घडते. किनाऱ्याच्या गावांखाली पावसाचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन आणि विसाव्याच्या आरंभी हर्झबर्ग यांनी त्याचे गणित मांडले: समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते. हे गणित उलटेही चालते. उपसा करून वरची पातळी एक मीटरने उतरवली, तर खालून खारे पाणी चाळीस मीटर वर चढू पाहते. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्याच्या विहिरी मचूळ होतात त्याचे हे एक कारण आहे. लोणारच्या विहिरीपाशी उभ्या असलेल्या मुलाला हे समजले, तर वेंगुर्ल्याच्या विहिरीचे संकट त्याला परके वाटणार नाही.

आता गाळाकडे येतो, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तिथे आहे.

तळातला गाळ वर काढायचा तर तो फावड्याने काढून चालत नाही. तराफ्यावरून किंवा जहाजावरून एक पोकळ नळी उभी खाली सोडतात. नळीच्या आत दट्ट्या असतो. नळी गाळात शिरत असताना दट्ट्या जागेवर धरून ठेवला की आत ओढ निर्माण होते आणि मऊ गाळ न दबता, न मोडता वर सरकतो. नळी भरून वर आली की तिची दोन्ही तोंडे बंद करतात आणि वरची बाजू कोणती हे तिथेच लिहितात. ही खूण चुकली तर सगळा काळ उलटा होतो. प्रयोगशाळेत नळी लांबीने चिरतात. आतला गाळ आधी काळपट, हिरवट, ओला आणि लोण्यासारखा मऊ दिसतो. प्राणवायूचा स्पर्श न झालेल्या तळाचा असेल तर कुजक्या अंड्याचा वास येतो. हवा लागताच रंग फिका पडू लागतो, म्हणून चिरल्याबरोबर लगेच छायाचित्रे घेतात. मग दिसू लागतात त्या रेघा: कुठे बोटाएवढा फिका पट्टा, कुठे केसाइतकी बारीक गडद रेघ, कुठे चकाकणारे खडे. एक अर्धा भाग पुढच्या अभ्यासकांसाठी थंड खोलीत जपून ठेवतात. दुसऱ्याचे सेंटीमीटर-सेंटीमीटरचे काप करतात, आणि प्रत्येक कापातून परागकण, खनिजे, पानांवरचे मेण, सूक्ष्मजीवांचे अवशेष वेगळे करतात.

लोणारच्या तळातून २००८ मध्ये नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आणि जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या भूविज्ञान संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी असा सुमारे दहा मीटरचा गाळ काढला. त्यात गेल्या अकरा हजारांहून अधिक वर्षांची नोंद मिळाली. सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिचे वाचन प्रसिद्ध केले. हिमयुग संपल्यावर मोसमी पाऊस जोमाने वाढला; या काळाच्या मध्यावर तो हळूहळू उणावू लागला; आणि पुढे दोन दीर्घ कोरडे कालखंड आले, एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी. या कोरड्या काळांची साक्ष देणारे चकाकते खडे त्या गाळातच होते: गेलुसाइट, सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचे स्फटिक. तळ्यात पाणी कमी आणि बाष्पीभवन जास्त असेल तेव्हा ते तयार होतात. पानांवरच्या मेणातल्या हायड्रोजनच्या हलक्या-जड अणूंचे प्रमाण पावसाबद्दल सांगते. कार्बनचे प्रमाण आसमंतात झाडे जास्त होती की गवत, हे सांगते.

या आकड्यांशी थोडे थांबावे. पहिला कोरडा काळ सिंधू संस्कृतीची मोठी नगरे ओस पडली त्या काळाशी जुळतो. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभातही त्याच सुमाराचा दुष्काळ नोंदलेला आहे; त्यावरूनच २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला 'मेघालयन' हे नाव मिळाले. दुसरा काळ आपल्याकडे सातवाहनांपासून यादवांच्या अस्तापर्यंत पसरतो. त्या तेराशे-चौदाशे वर्षांत दरवर्षी दुष्काळ पडला असे गाळ म्हणत नाही. पावसाची सरासरी दीर्घकाळ खाली होती, एवढेच तो म्हणतो. अजिंठ्याची बहुतेक लेणी, गावोगावची तळी, बारवा, दगडी देवळे हे सगळे त्या काळात उभे राहिले. उणावलेल्या पावसात माणसांनी पाणी साठवण्याची कला कशी वाढवली, हा इतिहासकारांनी आणि गाळाच्या अभ्यासकांनी एकत्र बसून सोडवायचा प्रश्न आहे.

आणि इथे बुलढाण्याची दुसरी माती समोर येते, जी पैनगंगेने नेली. २००६ मध्ये 'जॉइडिस रिझोल्यूशन' या वेधन जहाजाने भारताच्या वायुहायड्रेट (समुद्रतळातला बर्फासारखा गोठलेला इंधनवायू) शोधण्याच्या मोहिमेत गोदावरीच्या मुखाबाहेर, एक हजार मीटरहून अधिक खोल पाण्याखालून गाळ काढला. कामिलो पोंटन, लिव्हिउ जोसान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्यातल्या पानांच्या मेणावरून दाखवले की गेल्या चार हजार वर्षांत मध्य भारतात कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या. २०१७ मध्ये त्याच गाळावरच्या पुढच्या अभ्यासाने दाखवले की याच काळात दख्खनच्या लाव्हाच्या मातीचा वाटा वाढला, म्हणजे पठारावरची धूप वाढली. पाऊस घटला, झाडी विरळ झाली, शेती पसरली, आणि उघडी पडलेली काळी माती समुद्राकडे गेली. लोणारचा गाळ आणि गोदावरीच्या मुखाबाहेरचा गाळ एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर आहेत, पण दोघांचे बोलणे जुळते. एका साक्षीदाराच्या शब्दावर निकाल देता येत नाही. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या की शास्त्रज्ञ पुढे पाऊल टाकतो. किनारा, पाणथळ आणि सागरतळ यांचा अभ्यास एकत्र का करायचा, याचे उत्तर यात आहे.

लोणारचा तळ नुसता मेलेल्या गोष्टींचा नाही. एवढ्या सोड्याच्या पाण्यात मासे सहसा टिकत नाहीत, पण सूक्ष्मजीवांची दाटी आहे. पाण्याला हिरवा रंग देणारी आर्थ्रोस्पायरा, जिला बाजारात स्पिरुलिना म्हणतात, तिथे मुबलक वाढते. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिकाविज्ञान केंद्राच्या आणि आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी इथल्या जिवाणूंच्या विविधतेवर वर्षानुवर्षे काम केले आहे. तळातल्या गाळातून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूला २०१२ मध्ये 'मिथायलोफागा लोणारेन्सिस' हे नाव मिळाले. बुलढाण्यातल्या तालुक्याचे नाव त्यामुळे जगाच्या जीवशास्त्रात कायमचे लिहिले गेले.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सगळ्या देशाने लोणारकडे पाहिले. टाळेबंदीचे दिवस होते, अफवांना ऊत आला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर सरोवराच्या संवर्धनाचे प्रकरण आधीपासून चालू होते. पाण्याचे नमुने नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि आघारकर संस्थेकडे तपासणीला गेले. आघारकरच्या अभ्यासकांना उत्तर मिळाले: पाणी आटून क्षारता वाढल्यामुळे मिठात रमणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव फोफावले होते, आणि त्यांच्या पेशींतल्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसत होते. पावसाळ्यात गोडे पाणी मिसळल्यावर रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली ही दुसरी रामसर जागा. पुढच्या काही वर्षांत चित्र उलटले. पाणी वाढत गेले आणि काठावरच्या देवळांपर्यंत चढले. गोडे पाणी वाढले की क्षारता उतरते, आणि क्षारतेवर जगणारी सगळी सृष्टी बदलते. अशा वेळी नियमित मोजमाप नसेल तर प्रत्येक बदल नवलाचा वाटतो आणि त्याच्या कारणाबद्दल कोणीही काहीही सांगू शकतो.

आता जिल्ह्याच्या वाचकाशी थेट बोलतो. बुलढाण्याच्या शेतकऱ्याला गाळाचे मोल कोणी शिकवायला नको. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये आली, आणि या जिल्ह्यातल्या धरणांतून, तलावांतून ट्रॅक्टर भरभरून गाळ शेतात गेला. हलक्या जमिनी त्याने सुधारल्या, तलावांत पाण्याला जागा झाली. ते काम योग्यच होते. धरणातला गाळ काही दशकांचा असतो आणि त्याची जागा शेतात आहे.

लोणारचा गाळ त्या जातीचा नाही. तो उपसला, नांगरला, सुशोभीकरणासाठी हलवला किंवा काठाने यंत्रे फिरवून दाबला, तर वर्षानुवर्षांचा क्रम मोडतो, आणि मोडलेला क्रम कोणत्याही प्रयोगशाळेला परत लावता येत नाही. सांडपाणी आत सोडले तर वरचा थर बिघडतो, आणि त्याबरोबर आपल्याच काळाची नोंद बिघडते. हे समुद्रतळालाही तसेच लागू आहे. खाडीतली वाळू पंपाने उपसली की तिथल्या थरांचा इतिहास वाळूबरोबर गेला. १९८१ मध्ये 'गवेषणी' या भारतीय संशोधन नौकेने समुद्राच्या तळावरून धातूचे गोटे वर आणले, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या अभ्यासात देशाला जगात स्थान मिळवून दिले. पण असा गोटा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षे घेतो. तो उचलायचा की नाही हे ठरवण्याआधी तळाचा अभ्यास पुरा व्हायला हवा.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. आधी पाणथळी, कारण त्या आपल्या पायाखाली आहेत. मग खाडी आणि किनारा. शेवटी खोल समुद्र. प्रत्येक प्रकरणात एक पद्धत सविस्तर सांगितली आहे: काठाला काटकोनात दोरी धरून ठरावीक अंतरावर चौकट टाकणे आणि तिच्यातले जीव मोजणे, पाण्याचा नमुना घेणे, पक्षी मोजणे, गाळाची नळी काढणे, थराचे वय ठरवणे. वाचकाने निष्कर्षांपेक्षा या पद्धतींकडे जास्त लक्ष द्यावे. निष्कर्ष उद्या बदलतील. लोणारच्या वयाचा आकडा आपल्या डोळ्यांसमोर बदलला. पण कोणत्या पुराव्यावर काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, ही शिस्त टिकते.

लोणार, मेहकर, चिखली, सिंदखेड राजा इथल्या शाळा-महाविद्यालयांकडून माझी एक ठोस अपेक्षा आहे. वन विभागाच्या परवानगीने, दर महिन्याला, ठरलेल्या एकाच जागी पाण्याची पातळी, तापमान, पीएच आणि काठावरचे पक्षी नोंदवावेत. त्याला मोठा खर्च नाही. सातत्य मात्र लागते. एका वर्षाच्या नोंदीचा उपयोग थोडा, दहा वर्षांच्या नोंदीचा खूप, आणि तीस वर्षांच्या नोंदीला जगातला कोणताही शास्त्रज्ञ मान देईल. बाहेरून येणारे पथक चार दिवस राहून जाते. बारा महिने तळे पाहणारे डोळे इथल्याच माणसांचे आहेत.

लोणारच्या सुमारे शंभर मीटर गाळापैकी वरचे दहा मीटर तेवढे बारकाईने वाचून झाले आहेत. त्यातून अकरा हजार वर्षांचा पाऊस कळला. खालचे नव्वद मीटर अजून वाचायचे आहेत. ज्यांच्या हातून ते वाचले जातील त्यांची साधने आजच्यापेक्षा सरस असतील आणि प्रश्न आजच्यापेक्षा नेमके असतील. त्यांना तो गाळ जागेवर, स्वच्छ आणि क्रमाने मिळाला पाहिजे. ही जबाबदारी आजच्या पिढीची आहे, आणि तिच्यात पहिला वाटा बुलढाणा जिल्ह्याचा आहे.